नवव्या ओळीचा सूचक

दिनांक ४ मार्च

स्वस्ति श्री सकलनदीपात्रनिरीक्षक, अष्टोत्तरचतुःशतजलमापकयंत्राधिपती, महापूरपूर्वसूचनाधुरंधर, भोंगावादनाचार्य, दोन अपत्यांचे भयभीत जनक आणि आमच्या श्वशुरगृहातील एकमेव समदुःखी श्रीमान साडूभाऊ यांच्या चरणी, उपग्रहांतर्गतसंगणकप्रणालीविभागप्रमुख या एका श्वासात न उच्चारता येणाऱ्या पदावर गेली अकरा वर्षे विराजमान असलेल्या अस्मादिकांचा नमस्कार.

पत्रास कारण संताप.

दूरध्वनी ही आपल्या दोघांच्या गृहस्वामिनींची, म्हणजे त्या दोन भगिनींची, अनन्य मालमत्ता असल्याने आपणां दोघांना लेखणीवाचून गत्यंतर नाही. शिवाय संताप लेखी असलेला बरा. तोंडी संतापाला लोक पाणी विचारतात आणि तो निवतो.

आपल्या खोऱ्यातील चारशे आठ जलमापक यंत्रे नदीची पातळी आकाशाला सांगणार. आमचा उपग्रह ती ऐकणार, पोटात साठवणार, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या आमच्या ग्रहणकेंद्रावर येताच खाली ओतणार. तेथून ती आपल्या मेजावर. अर्थात या यंत्राने आयुष्यात दोनच गोष्टी करायच्या आहेत: ऐकलेले लक्षात ठेवायचे आणि विचारल्यावर सांगायचे. एवढी अपेक्षा आपण आपल्या मुलांकडूनही ठेवतो.

साठवणीसाठी मी चुंबकीय स्मृती सुचवली होती. क्षमतेने कंजूष, रूपाने कुरूप. परंतु वीज गेली तरी लिहिलेले न विसरणारी. तिच्यात प्रत्येक नोंद तीन ठिकाणी लिहायची. अवकाशातील किरणांच्या माऱ्याने एक प्रत बहकली, तर उरलेल्या दोघींचे मत ग्राह्य धरायचे. संगणकाच्या आज्ञावलीसाठी मी जुनी, रुक्ष भाषा सुचवली. ती वापरणाऱ्याला प्रत्येक भांडे स्वतःच्या हाताने जिथल्या तिथे ठेवावे लागते.

समितीने गेल्या मंगळवारी काय निवडले? साठवणीसाठी, छायाचित्रांच्या कार्डाचा एक थोरला, चकचकीत बंधू. लिहीत असताना मध्येच वीज गेली, तर तो पुढचे विसरतोच, वर मागचेही आठवत नाही म्हणतो. आणि भाषा निवडली ती सुखवस्तू घराण्यातली. ती भांडी वापरून तशीच टाकते, आणि पसारा असह्य झाला की हातातले काम थांबवून घर झाडायला घेते. कधी घेईल, हे तिलाही ठाऊक नसते. आता उपग्रहात एक पहारेकरी असतो. आज्ञावलीने ठरल्या वेळी हाक दिली नाही, तर ती गतप्राण झाली असे समजून तो सर्व वीज तोडतो आणि पुन्हा जोडतो. म्हणजे या बाईसाहेब झाडत बसल्या, पहारेकऱ्याने वीज तोडली, आणि कार्ड अर्ध्या वाक्यावर थांबले, तर आपल्या नदीची पातळी कोणाला विचारायची?

पराभव किती गुणांनी? सात. निवडीच्या तक्त्यातील पहिल्या आठ ओळींत माझी स्मृती नऊ गुणांनी पुढे होती. मग आली नववी ओळ. तिचे शीर्षक अक्षरशः उद्धृत करतो: ‘सभागृहात पडद्यावर दर्शन घडताच प्रेक्षकांच्या मुखमंडलावर उमटणारी प्रसन्नता.’ भारांक वीस. साडूभाऊ, उपग्रह वर जाणार आहे, वधूपरीक्षेला नव्हे.

या प्रणालीच्या उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्रावर ३० एप्रिलपूर्वी मी सही करायची आहे. सहीची लेखणी मी आत्तापासूनच खणात टाकली आहे.

आपला,
अपमानित साडू



११ मार्च

साडूभाऊ, नमस्कार.

पत्र मिळालं. माझ्या पदव्या संपेपर्यंत चहा निवला, पुढचं वाचताना डोकं तापलं.

मला तुमच्या भाषा कळत नाहीत. माझ्या टेबलावर कागद येतो त्यावर मी दोनच आकडे बघतो: पाणी किती आणि कितीचं. म्हणजे किती वाजताचं. पाऊणशे मिनिटं जुना आकडा मला चालतो, त्यावर भोंगा वाजवायचा की नाही ते ठरवता येतं. न आलेला आकडा चालत नाही. न आलेल्या आकड्यावर काय वाजवू?

आणि नदी कुठे साठवायची हे बघणाऱ्यांच्या तोंडावर ठरवतात? वीस गुण? कोण हा महाभाग ज्याला ही ओळ सुचली? तुमच्या संस्थेच्या त्या नव्या प्रमुखबाई असणार. तुम्हीच मागे लिहिलं होतं की त्यांना रंगीत चित्रं फार आवडतात.

तुम्ही घरात चिडून काही होणार नाही. ताई हिला फोनवर म्हणाली की तुम्ही हल्ली जेवताना भिंतीशी वाद घालता आणि हरता. हे यंत्र शेवटी वापरणार आम्ही. मी कार्यालयातर्फे तुमच्या प्रमुखबाईंना रीतसर पत्र लिहितो. ती ओळ सुचवणाऱ्याचं नाव मागतो. असा माणूस नदीच्या कामावर नको, असंही लिहितो.

तुम्ही काळजी करू नका. मी आहे.

तुमचा साडू



दिनांक १६ मार्च

धीरोदात्त साडूभाऊ यांस,

आपल्या पत्रातील बंधुभावाने मी सकाळचा चहा दोनदा मागवला. दुसरा संपताच लिहितो: कृपया तसे काही करू नये.

एक तर रीतसर पत्र ही अत्यंत स्फोटक वस्तू आहे. तिला क्रमांक पडतो. क्रमांक पडलेल्या कागदाला मरण नाही. दुसरे, प्रमुखबाई वर्षभरापूर्वीच आल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर माणूस म्हणून सरळ आहेत. त्यांना रंगीत चित्रे आवडतात हे मी लिहिले होते, परंतु ते वर्णन होते, आरोप नव्हे. तिसरे, नववी ओळ नेमकी कोठून उद्भवली याविषयी इतिहास मौन बाळगून आहे. समित्यांमध्ये काही गोष्टी शेवाळासारख्या आपोआप वाढतात. शेवाळ कोणी लावले, असे आपण विचारतो काय?

माझा संताप मूळ प्रवृत्तीवर आहे, व्यक्तीवर नाही. ज्या समितीतील पाचही माणसे असले शीर्षक वाचून न हसता, न दचकता, त्याखाली गंभीरपणे गुण मांडतात, त्या समितीच्या हाती मी खेळण्यातले विमानही देणार नाही. तीन दिवस तो मसुदा सर्वांच्या मेजावर होता. आमच्याकडे रीत अशी की तीन दिवसांत कोणी आक्षेप घेतला नाही, तर ओळ मंजूर. एकानेही घेतला नाही. याला आपण काय म्हणाल? मी अधःपात म्हणतो.

तेव्हा आपण शांत राहावे. मी येथे यथाशक्ति धुमसतो आहे, तेवढे पुरे. भिंतीशी वाद घालण्याची वार्ता अतिरंजित आहे. ती भिंत नव्हे, कपबशांचे फडताळ आहे.

आपला,
शांततावादी साडू



२७ मार्च

साडूभाऊ,

तुमचं पत्र यायच्या आधीच माझं गेलं होतं. क्रमांक पडून.

प्रमुखबाईंचं उत्तर काल आलं. सोबत तक्त्याची प्रत. उत्तर दोन ओळींचं आहे, पूर्ण उतरवतो: ‘ओळ क्रमांक नऊ. सूचक: उपग्रहांतर्गत संगणक प्रणाली विभागप्रमुख. आपले त्यांच्याशी नाते असल्याचे समजते. कृपया परस्पर पत्रव्यवहार करावा.’

म्हणून करतोय.

मला आधीच कळायला हवं होतं. ‘मुखमंडल’ हा शब्द हयात माणसांपैकी एकटे तुम्ही वापरता. तक्त्यात प्रत्येकाचे गुणही आहेत. बाकी चौघांनी त्या ओळीत तुमच्या स्मृतीला निदान पाच-पाच तरी दिलेत. तुम्ही शून्य दिलंय. आणि त्या चकचकीत कार्डाला वीसपैकी वीस. मी तीनदा बघितलं, मला वाटलं रकाना चुकला. मग पाचांची सरासरी घेऊन बेरीज केली. ती ओळ काढली तर तुम्ही नऊने जिंकता. ठेवली तर सातने हरता. म्हणजे तुम्हाला तुम्हीच हरवलंय, आणि पंधरा दिवस मला समितीला शिव्या घालायला लावल्यात.

गंमत केली असणार. मला माहितीय ना तुम्ही. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तुम्ही कानात काय बोलला होतात ते मी अजून हिला सांगितलेलं नाही. पण एक ऐका.

गेल्या वर्षी वरच्या पुलाजवळच्या यंत्राचा आकडा चार तास आला नाही. मी वाट बघितली. उगाच भोंगा वाजवला तर लोक पुढच्या वेळी उठत नाहीत, म्हणून वाट बघितली. खालच्या रस्त्यावरची शिवणकाम करणारी बाई आणि तिची म्हातारी आई शिलाई मशीनच्या टेबलावर सहा तास उभ्या होत्या. वाचल्या. ती अजून रस्त्यात भेटते. काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तसा आकडा आता तुमच्या उपग्रहाच्या पोटात राहणार आहे. आणि तो सांभाळणाऱ्या स्मृतीला तुम्ही शून्य दिलंत, कारण ते गमतीत शोभून दिसत होतं.

तिला काय सांगू ते कळवा. पदव्या नकोत.

साडू



दिनांक ६ एप्रिल

साडूभाऊ,

आपल्या आज्ञेनुसार पदव्या वगळल्या आहेत. उघडे वाटते आहे.

ओळ माझी. त्या दिवशी प्रमुखबाईंनी सभागृहात त्या कार्डाची आणि त्या भाषेची चित्रे दाखवली. रंगीत, हलती. टाळ्या पडल्या. त्यानंतर मी माझ्या स्मृतीचे एकुलते एक चित्र दाखवले. ते राखाडी होते. एका सदस्याने जांभई दिली, आणि ती हाताने झाकण्याचीही तसदी घेतली नाही. मी मेजावर परतलो आणि तक्त्यात ती ओळ घातली. अपेक्षा अशी की समितीने ती वाचावी आणि लाजेने माना खाली घालाव्यात. तीन दिवस मी दाराकडे पाहत बसलो. कोणी हसले नाही. चौथ्या दिवशी ओळ मंजूर झाली. मागे घ्यायची, तर विनोद समजावून सांगावा लागला असता. शून्य दिले ते विनोदाच्या अंतर्गत सुसंगतीसाठी. हे वाक्य लिहिताना मला प्रथमच कळते आहे की ते किती हिडीस आहे.

काल प्रमुखबाईंकडे गेलो. त्यांच्या खोलीत बसायला एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर नेहमी कागद असतात. बाई म्हणाल्या, “ते खाली ठेवा आणि बसा.” कागद माझेच होते.

मी म्हणालो, “नववी ओळ हा विनोद होता.”

“बरं.” त्यांनी तक्ता काढला. “मग बाकीच्या आठांत किती विनोद आहेत?”

“एकही नाही.”

“मी कसं ओळखायचं? सगळ्या तुमच्याच भाषेत आहेत.”

हे खरे आहे. प्रत्येक सदस्याच्या ओळीची भाषा सुधारण्याचे काम गेली अकरा वर्षे मी स्वेच्छेने करतो. ‘वीज किती लागते’ या एका साध्या ओळीचे मी ‘विद्युद्भक्षणप्रवृत्तीचे परिमाण’ केले आहे. अशा तक्त्यात मुखमंडल खटकणार कोणाला?

मी म्हणालो, “विनोद कळायला हवा होता. निदान दचकायला तरी हवे होते.”

“आम्ही दचकतो हो तुमच्या प्रत्येक कागदाला,” बाई म्हणाल्या. “पहिल्या महिन्यात दचकले, मग सवय झाली. मला वाटलं, तुमच्याकडे असंच बोलतात.”

मग त्यांनी निकाल दिला. विनोदाच्या कारणास्तव मंजूर तक्ता रद्द करण्याची तरतूद नियमांत नाही. चाचणीच्या कारणास्तव आहे. दोन्ही मांडण्या, माझी आणि समितीची, चाळीस दिवस शेजारी शेजारी चालवायच्या, प्रमाणपत्राची तारीख तेवढी पुढे ढकलायची, चारशे आठ खोट्या जलमापकांना एकाच वेळी बोलायला लावायचे, आणि जी पडेल ती पडेल. “पण त्या चाचणीवर तुमची सही चालणार नाही,” त्या म्हणाल्या, “आणि पुढच्या प्रमाणपत्रावरही नाही. जो माणूस गंमत म्हणून शून्य देतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी उपग्रह कसा सोडू? विभाग दुसऱ्याकडे द्यावा लागेल.”

मी संतापलो. अकरा वर्षे, साडूभाऊ. त्या खोलीतील प्रत्येक तारेला मी नावाने ओळखतो. मी उत्तरादाखल एक दीर्घ संस्कृतप्रचुर वाक्य रचायला घेतले. मध्यावर आलो तेव्हा लक्षात आले की त्याचे क्रियापद माझ्याकडे नाही. म्हणून म्हणालो, “चाचणी कधी सुरू करता?”

“सोमवारी.”

“मग विभाग सोमवारी घ्या.”

त्यांनी मान हलवली आणि कागद पुन्हा खुर्चीवर ठेवण्यासाठी माझ्या उठण्याची वाट पाहिली.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना काय सांगावे, हे मला ठाऊक नाही. माझ्याविषयी काही सांगू नये एवढी विनंती.

साडू



१९ ऑगस्ट, पुढचं वर्ष

साडूभाऊ, नमस्कार.

तुम्ही गेल्या वर्षी चाचणीचा निकाल चार ओळींत कळवला होतात: झाडलोट करणारी भाषा अकरा वेळा पडली, कार्डाने दोन हजारांवर आकडे गिळले, जुनी मांडणी हळू चालली पण एकही आकडा सोडला नाही, समितीने ती घेतली. तुमच्या हातचं एवढं लहान पत्र आयुष्यात पहिलं. हिला वाटलं तुम्ही आजारी आहात. मलाही थोडं वाटलं. त्यावर मी नीट उत्तर दिलं नाही, ते आज देतो.

परवा दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी कागद आला. चारशे आठच्या चारशे आठ. वरच्या पुलाचा आकडा सत्तर मिनिटं जुना होता आणि आदल्या आकड्यापेक्षा दीड मीटर वर. मी दोनदा वाचला नाही. भोंगा वाजवला.

पाणी खालच्या रस्त्यावर पोचलं तेव्हा रस्ता रिकामा होता. शिवणकामवाली मशीन हातगाडीवर घालून आधीच शाळेत पोचली होती. मला बघून म्हणाली, “तुम्ही आज फार लवकर वाजवलात. दोन ब्लाउज अर्धे राहिले.” दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली, ते हे.

ग्रहणकेंद्रातल्या माणसाला मी विचारलं, वर सगळं ठीक होतं ना. तो म्हणाला, त्या फेरीत किरणांचा मारा जोराचा होता. एकोणीस नोंदींत एकेक प्रत बिघडली होती, बाकीच्या दोघींनी सावरून घेतली. त्यांतली एक वरच्या पुलाची होती.

प्रमाणपत्रावर कोणाची सही आहे ते मी मुद्दाम बघितलं. तुमची नाही. मला राग आला. कोणाचा, ते कळलं नाही. तुमचा असावा.

नवी खोली कशी आहे? आता पदव्या घातल्यात तरी चालेल.

तुमचा साडू



दिनांक २६ ऑगस्ट

स्वस्ति श्री यथाकालभोंगावादनसम्राट साडूभाऊ यांस,

एका पदवीवर भागवतो. मध्यंतरी सवय मोडली आहे.

आपले पत्र मी कार्यालयात, उभ्याने वाचले. वरच्या पुलाच्या परिच्छेदाशी येऊन पुढे गेलो नाही. पुन्हा मागे गेलो. मग प्रमुखबाईंच्या खोलीत गेलो आणि ते पत्र त्यांच्या मेजावर ठेवले. त्यांनी वाचले, एकदा माझ्याकडे पाहिले, खुर्चीवरचे कागद स्वतः उचलले आणि म्हणाल्या, “बसा.” मी बसलो. नंतर त्यांना सभा होती.

सहीविषयी आपण रागावलात, ते वाचून समाधान वाटले. मीही रागावलेलाच आहे, रोज सकाळी साडेनऊपासून. ज्या मांडणीसाठी मी अकरा वर्षे घालवली तिच्या कागदावर दुसऱ्याचे नाव आहे, आणि ते गृहस्थ चुंबकीय स्मृतीला अद्याप ‘ती राखाडी वस्तू’ म्हणतात. त्यांची भाषा मी सुधारू शकत नाही. ते काम आता माझ्याकडे नाही. माझ्याकडे सांप्रत ‘ज्ञानसंवर्धन कक्ष’ आहे. तो उद्वाहकाच्या यंत्राशेजारी असल्याने कोणी चौथ्या मजल्यावर गेले की माझे ज्ञान हादरते. तेही मी सोसतो.

परंतु कपाट सोसवत नाही. या कक्षात एक पोलादी कपाट आहे. त्याचे दार नुसते ओढले तरी आपोआप कुलूपबंद होते, आणि किल्ली माझ्या पूर्वीच्या कोणा अधिकाऱ्याबरोबर निवृत्त झाली आहे. हे मला बारा दिवसांपूर्वी कळले, दार ओढल्यानंतर. आत माझा वाचायचा चष्मा आहे. आपले पत्र मी हात लांब करून वाचले, हे उत्तर अंदाजाने लिहितो आहे. दुसऱ्या किल्लीसाठी भांडार विभागाकडे अर्ज केला. तो परत आला, कारण अर्जावर कपाटाचा क्रमांक हवा. क्रमांकाची पट्टी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावलेली असते. हे मी दुसऱ्या अर्जात सविस्तर विशद केले. तिसरा अर्ज केवळ सात शब्दांचा, अत्यंत सुबोध भाषेत केला. तोही आज परत आला आहे. भांडारातील कारकून सज्जन आहेत. ते म्हणतात, त्यात काय एवढं, क्रमांक बघून या, लगेच देतो.